छातीवरचा खिसा

लहान विमानात सामान ठेवायला जागा नसते. ज्यांनी फक्त मोठ्या विमानाने प्रवास केला आहे, त्यांना हे सांगूनही पटत नाही. आमचं शिकवायचं विमान दोन सीटांचं होतं, आतून एखाद्या जुन्या मोटारीच्या पुढच्या भागाएवढं. शेजारच्याचं कोपर आपल्या बरगडीत. पायाशी दोन पेडलं, ती दाबून जमिनीवर विमान डावीउजवीकडे वळवायचं. आणि समोर योक. योक म्हणजे मोटारीच्या स्टिअरिंगसारखं हँडल, वरचा भाग कापून टाकलेलं. ते फिरवलं की विमान कलतं, पुढे ढकललं की नाक खाली जातं, स्वतःकडे ओढलं की नाक वर येतं. धावपट्टीवर उतरताना अगदी शेवटच्या क्षणी हे योक हळूहळू पोटाशी ओढत आणायचं असतं, म्हणजे नाक वर राहतं आणि मागची दोन मजबूत चाकं आधी टेकतात. पुढचं चाक नाजूक असतं. ते आधी टेकलं तर विमान चेंडूसारखं उसळतं.

उडताना लागणाऱ्या वस्तू मात्र पुष्कळ. नकाशा, दोन पेन्सिली (पेन उंचीवर गळतं), टॉर्च, जास्तीचा चष्मा, फडकं, उलटी झाली तर पिशवी, टाकीतलं थोडं पेट्रोल काढून त्यात पाणी नाही ना हे बघायची एक पारदर्शक नळी. शिवाय आम्ही ज्याला कम्प्युटर म्हणायचो ती प्लास्टिकची गोल चकती, मोठ्या बशीएवढी. तिच्यात वीज नाही की बॅटरी नाही. कडेचे आकडे फिरवून वारा आणि वेग यांचं गणित करायचं, एवढंच.

हे सगळं मांडीवर घेऊन मी कित्येक वर्षं उडालो. मग एकदा एका विद्यार्थ्याला घेऊन उतरताना माझी टॉर्च मांडीवरून घसरली आणि उजव्या पेडलच्या खाली जाऊन अडकली. चाकं टेकली, मी पेडल दाबतोय, आणि ते जाईना. विमान धावपट्टी सोडून गवतात शिरलं आणि एका नाल्याच्या अलीकडे थांबलं. विद्यार्थी हसत होता, त्याला वाटलं मी मुद्दामच केलं. मी वाकून पेडलखालून टॉर्च ओढून काढली.

त्याच आठवड्यात मी दिल्लीत पहाडगंजला गेलो. स्टेशनसमोरच्या गल्ल्यांत परदेशी प्रवाशांनी विकून टाकलेल्या वस्तूंची दुकानं असत. तिथे मला फोटोग्राफर लोक घालतात तसलं बिनबाह्यांचं खाकी जाकीट मिळालं, अकरा खिशांचं. प्रत्येक वस्तूला मी एक खिसा नेमून दिला आणि घरी आरशासमोर डोळे मिटून हात बरोबर त्या खिशात जातो का याचा सराव केला. बायको म्हणाली, "तुम्हाला बरं नाहीये का?" मी तेव्हा शिकवायचो त्या फ्लाइंग क्लबातले सहकारी म्हणायचे, "जाधव, मछली पकड़ने जा रहे हो?" मी हसण्यावारी नेलं. त्या दिवसानंतर माझ्या विमानात सुटी वस्तू कधी पडली नाही. या गोष्टीचा मला अभिमान होता, तो इतका की पुढे जे झालं ते त्या अभिमानातूनच झालं असं मी आज म्हणतो.

नव्वदीच्या दशकात खाजगी विमान कंपन्या आल्या आणि एकदम सगळ्यांना पायलट व्हायचं होतं. गाझियाबादच्या पलीकडे उसाच्या शेतांमध्ये एका जुन्या धावपट्टीवर नवी प्रशिक्षण संस्था निघाली आणि मी तिथे मुख्य शिक्षक म्हणून लागलो. तऱ्हेतऱ्हेची माणसं यायची. नोएडात इमारती बांधणारे एक चोप्रा म्हणून होते, पन्नाशीचे, हौसेखातर शिकणारे. माझं पाहून त्यांनीही जाकीट घेतलं. त्यात विटेएवढा मोबाइल, पेजर, कंगवा, हाजम्याच्या गोळ्या आणि देवीचा फोटो. एकदा दोन हजार फुटांवर असताना त्यांनी डाव्या खिशातून चांदीच्या कागदात गुंडाळलेला आलू पराठा काढला.

"चोप्राजी, ये क्या है?"

"सरजी, ऊपर भूख ज़्यादा लगती है."

लोणच्याचं तेल माझ्या नकाशावर सांडलं. खाता खाता ते खाली बोट दाखवायचे: "वो अपना है. वो भी अपना. वो अगले साल अपना." मला त्या खालच्या जमिनीची वेगळीच काळजी असे. इंजिन बंद पडलं तर उतरायला एखादं मोकळं शेत नेहमी नजरेत ठेवा, हे आम्ही पहिल्या दिवसापासून शिकवायचो. दर हिवाळ्यात मला पाठ असलेल्या शेतांपैकी एखादं कमी झालेलं असायचं. मोहरीच्या पिवळ्या तुकड्यात आधी चुन्याच्या रेघा दिसायच्या, मग खुंट्या, मग सेक्टरचा आकडा लिहिलेली पाटी.

रूथ साळवे आमच्याकडे आली ती एका शिष्यवृत्तीवर. मूळचं घर नगरचं, ख्रिस्ती, पण तिचा जन्म दिल्लीचा. वडील सरकारी कचेरीत कारकून होते, ती शाळेत असतानाच वारले. आई पहाडगंजला दोन खोल्यांत राहून शाळांचे गणवेश शिवायची. रूथ तिथल्याच मराठी शाळेत शिकलेली. उंचीला पाच फूट जेमतेम. पहिल्या दिवशी ती विमानात बसली तेव्हा तिला पुढचं काही दिसेना. मग सीट शेवटच्या खाचेपर्यंत पुढे ओढली, तरी पाय पेडलला पुरेनात. दुसऱ्या दिवशी ती घरून दोन उशा घेऊन आली, एक बसायला आणि एक पाठीमागे. आईने गणवेशाच्या उरलेल्या कापडाच्या शिवल्या होत्या. पोरं हसली. ती म्हणाली, "हसा. वर गेल्यावर सगळे सारखेच दिसतात."

ती उत्तम उडायची. हे मी ती गेली म्हणून म्हणत नाही. तिचा हात हलका होता आणि ती घाबरली की बोलत नसे, काम करत असे. माझ्या आयुष्यात असे विद्यार्थी चार-पाच आले.

एकदा उतरल्यावर ती म्हणाली, "सर, तुमचं जाकीट उधडलंय."

"उसवलंय म्हण. उधडलं हिंदीत."

"अच्छा, उसवलंय. आई शिवून देईल, बिल्कुल नव्यासारखं."

असं ते जाकीट पहाडगंजला गेलं आणि साळवेताईंनी ते नुसतं शिवून न देता त्याचा कागदी नमुना कापून ठेवला. पुढच्या दोन महिन्यांत त्यांनी रूथसाठी एक शिवलं. मग सगळ्यांनाच हवं झालं. आमच्या डायरेक्टरांनी जाहिरातीत फोटो छापला: विमानासमोर ओळीने उभी असलेली आमची पोरं, सगळ्यांच्या अंगात खाकी जाकीट. साळवेताईंची टीप अशी होती की खिसा धरून माणसाला उचललं तरी उसवणार नाही.

मग रूथच्या पहिल्या एकटीच्या लांब उड्डाणाची वेळ आली. त्रिकोणी मार्ग, दोन गावांवरून वळसा घालून परत, वाटेत कुठे उतरायचं नाही. सरावाच्या उड्डाणात मला दिसलं की कम्प्युटरची चकती ती मांडीखाली ठेवते आणि दर वेळी मान खाली घालून शोधते. तेवढ्यात विमान पन्नास-शंभर फूट इकडेतिकडे होतं. मी स्वतः पहाडगंजला गेलो. साळवेताई खिडकीपाशी मशीनवर बसल्या होत्या. रूथ स्टोव्हपाशी चहा करत होती.

"ताई, हिच्या जाकिटाला छातीवर एक मोठा खिसा हवा. ही चकती आणि घडी घातलेला नकाशा, दोन्ही मावेल असा."

त्यांनी चकती हातात घेऊन बघितली. "जाड होईल, सर. कमरेला बाजूने लावते ना."

"कमरेवर पट्टा येतो. आणि मान खाली घालायला लागता कामा नये. एकटी असणार आहे ती."

"पोर बारकी आहे. तिच्या छातीवर हा डबा होईल नुसता. अडेल तो."

"ताई, शिवणातलं तुम्हाला कळतं. विमानातलं माझ्यावर सोडा."

स्टोव्हपासून रूथ म्हणाली, "आई, सर सांगतायत ना, तसाच कर." साळवेताईंनी टाचण्या ओठांत धरल्या आणि त्या चकतीचं माप घ्यायला लागल्या.

ते जाकीट उड्डाणाच्या दिवशी सकाळीच तयार होऊन आलं. म्हणजे ते घालून रूथ माझ्याबरोबर एकदाही उडाली नव्हती. हे माझ्या लक्षात यायला हवं होतं. नवी वस्तू आधी शिक्षकाबरोबर, मग एकट्याने, हे मीच फळ्यावर लिहायचो. त्या दिवशी मी तिच्या छातीवरच्या खिशावर थाप मारून म्हणालो, "आता कशी पायलट दिसतेस." निघण्यापूर्वी योक सगळीकडे पूर्ण फिरतं का हे बघायचं असतं. तिने ते बघितलं. मी शेजारी उभा होतो. तिने योक पूर्ण मागे ओढलं, शेपटीची फळी पूर्ण वर गेली, तिने अंगठा दाखवला. तेव्हा ती उशीला टेकून मागे रेलून बसलेली होती, हे मी पाहिलं आणि त्याचा काही अर्थ माझ्या डोक्यात आला नाही.

दोन तासांनी ती परत आली. आकाश स्वच्छ होतं, वारा जवळजवळ नव्हता. मी धावपट्टीच्या कडेला वायरलेसचा डबा घेऊन उभा होतो. तिचा आवाज नेहमीसारखा होता. ती सरळ, सुरेख उतरत आली. आता नाक उचलेल म्हणून मी पाहत होतो. नाक थोडं उचललं आणि तिथेच राहिलं. मी वायरलेसवर ओरडलो, "ओढ, रूथ, ओढ!" पुढचं चाक आधी टेकलं. विमान उसळलं, परत नाकावर आलं, परत उसळलं. तिसऱ्या वेळी पुढचं चाक मोडलं आणि विमान उलटं झालं.

मी सगळ्यांच्या आधी पोचलो. ती पट्ट्यात उलटी लोंबकळत होती. आग लागली नव्हती. मी पट्टा कापून तिला बाहेर ओढलं आणि श्वास घेता यावा म्हणून जाकीट काढलं. तिचे डोळे उघडे होते. ती मला ओळखत होती.

"खेचलं मी, सर," ती म्हणाली. "आलंच नाही."

मी म्हणालो, "बोलू नकोस." माझे तिच्याशी शेवटचे शब्द हे आहेत. बाकीचे धावत येईपर्यंत ती बेशुद्ध झाली होती, आणि गाझियाबादच्या इस्पितळात पोचण्याआधी गेली.

तिला माझ्याच जीपने नेलं होतं, जाकीट तिथेच राहिलं. त्या संध्याकाळी मी ते पाहिलं. छातीवरच्या खिशातली चकती मधोमध तडकली होती, आणि खिशाच्या कापडावर योकच्या मधल्या भागाचा काळा गोल डाग उमटला होता. मी हँगरमध्ये गेलो. तसंच दुसरं विमान उभं होतं. सीट शेवटच्या खाचेपर्यंत पुढे ओढली, पाठीमागे उशी ठेवली, छातीशी तसलीच एक चकती आणि घडीचा नकाशा धरला आणि योक ओढलं. मागे रेललो तर ते पूर्ण येत होतं. मग उतरताना बुटका माणूस करतो तसं, नाकावरून पलीकडचं दिसावं म्हणून, पुढे वाकलो. योक छातीवरच्या चकतीला टेकलं आणि थांबलं. अजून चार बोटं यायचं बाकी होतं. मी उंच माणूस. माझी सीट नेहमी मागे असते. अठरा वर्षांत माझ्या छातीला योक कधी लागलं नव्हतं. मी तो खिसा माझ्या मापाने विचार करून लावला होता.

दुसऱ्या दिवशी कबरस्तानात साळवेताईंनी माझा हात धरला. "सर, तुम्ही तिथे होता. काही बोलली का ती?"

मी म्हणालो, "नाही, ताई. शुद्धीवर नव्हती."

मला वाटलं, हिला काय सांगू? तू शिवलेल्या खिशाने तुझी मुलगी गेली, हे सांगू? त्या क्षणी मी खरंच त्यांचाच विचार केला, असं मला वाटतं. पण आठ दिवसांनी चौकशीला दोन अधिकारी आले, सभ्य माणसं होती, आणि त्यांनी विचारलं, "लड़की ने कुछ कहा था?" तेव्हा साळवेताई खोलीत नव्हत्या. तिथे मी म्हणालो, "नहीं." जाकिटाबद्दल त्यांनी विचारलं नाही आणि मी काढलं नाही. जाणार ते लायसन्स माझं होतं, खिसा माझा होता, ते मला स्वच्छ दिसत होतं.

अहवाल आला. वैमानिकाने उतरताना विमानाचं नाक पुरेसं आणि वेळेत उचललं नाही, अपघात वैमानिकाच्या चुकीने झाला. आमच्या डायरेक्टरांनी तो वाचून सुटकेचा श्वास सोडला. मी नोटीस लावली की छातीवरच्या खिशात काहीही ठेवायचं नाही. कोणी कारण विचारलं नाही. पुढच्या तुकडीत जाकिटंच बंद झाली. ते एक जाकीट मी काही महिने कपाटात ठेवलं, मग एका सकाळी कामावर जाताना हिंडन नदीच्या पुलावर जीप थांबवून खाली टाकलं. पाण्यात ते बुडायला वेळ लागला, खिशांत हवा होती.

त्यानंतर मी निवृत्त होईपर्यंत शिकवलं. माझे विद्यार्थी मोठ्या विमानांवर गेले, विमानतळावर भेटले की वाकून नमस्कार करतात. साळवेताईंकडे मी नाताळला जायचो. त्या केक द्यायच्या, मी तब्येत विचारायचो. रूथचा विषय त्या काढत नसत, आणि त्यामुळे त्यांना हलकं वाटत असावं अशी मी समजूत करून घेतली होती.

निवृत्तीनंतर काही वर्षांनी रूथच्या मराठी शाळेच्या माजी विद्यार्थ्यांचा मेळावा होता. मलाही बोलावणं होतं. मेट्रोने गेलो. चहाच्या वेळी एका खांबापाशी साळवेताई एका तरुण मुलीशी बोलत होत्या. ती मुलगी विमान शिकायला जाणार होती. मी मागेच उभा होतो, त्यांना दिसलो नाही.

"नीट शीक हो," त्या तिला सांगत होत्या. "उतरताना नाक पुरेसं आणि वेळेत उचलायचं. आमच्या रूथची तिथेच चूक झाली. हुशार होती, पण तेवढ्यात चुकली. आपल्याच चुकीने गेली पोर."

अहवालातलं वाक्य त्यांना शब्द न् शब्द पाठ होतं. कोणाकडून तरी मराठीत करून घेतलं असणार. मी चहा तसाच ठेवून बाहेर आलो.

चार दिवसांनी त्यांच्या घरी गेलो. तीच खिडकी, मशीन मात्र आता विजेवर चालणारी होती. चौकटीच्या स्कर्टांचा ढीग बाजूला पडला होता. मी बसलो नाही.

"ताई, रूथ शुद्धीवर होती."

त्यांनी मशीन बंद केली.

"बोलली होती ती. म्हणाली, 'खेचलं मी, सर. आलंच नाही.'"

"काय आलं नाही?"

मी सांगितलं. योक, चकती, तिचं पुढे वाकणं, काळा डाग, हँगरमध्ये मी करून पाहिलेलं. खिसा तुम्ही नको म्हणत होता आणि मी ऐकलं नाही, हेही सांगितलं. त्या स्कर्टाची एक चुणी बोटांनी दाबून सरळ करत होत्या, परत परत तीच चुणी.

"म्हणजे तिने केलं होतं."

"हो."

"करायचं ते सगळं केलं होतं."

"हो, ताई. तिची काही चूक नव्हती."

"मी तिला रोज बोलते, सर," त्या म्हणाल्या. "रोज सकाळी उठले की. एवढी शिकलीस आणि एवढं साधं कसं चुकलीस म्हणून. तिच्या पप्पांच्या शेजारी आहे ती, तिथे जाऊनसुद्धा बोलले आहे. एकदा तर रागाने फुलं न ठेवता परत आले." त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "अजून काय बोलली?"

"एवढंच."

"मला हाक मारली?"

"नाही, ताई."

"तेव्हा तुम्ही ती बोलली नाही म्हणालात. आता बोलली म्हणता. मी कोणतं धरू?"

त्यांनी स्कर्ट ढिगावर ठेवून दिला. मग त्या म्हणाल्या, "ते कागदावरचं बदला. बाकी मला काही नको."

मी सगळं लिहून काढलं, सही केली, आणि तो अहवाल जिथून निघाला त्या सरकारी कचेरीत आम्ही दोघं गेलो. एक तरुण अधिकारी होता, त्याने आम्हाला खुर्च्या दिल्या, पाणी दिलं, अर्ज पूर्ण वाचला.

"सर, इसका कोई सबूत? वो जैकेट?"

"नहीं है."

"किसी और ने सुना था?"

"नहीं."

त्याने साळवेताईंकडे पाहिलं आणि नजर खाली केली. अर्ज पुढे पाठवतो म्हणाला, आणि त्याने तो खरंच पाठवला. अडीच महिन्यांनी उत्तर आलं. नवा पुरावा नसल्यामुळे जुनं प्रकरण पुन्हा उघडता येत नाही. साक्षीदाराने त्या वेळी दिलेला जबाब याच्या उलट आहे, असंही त्यात होतं.

मी ते पत्र घेऊन पहाडगंजला गेलो आणि त्यांना मराठीत सांगितलं.

"म्हणजे ते तसंच राहणार."

"हो."

"जाकीट असतं तर?"

"तर कदाचित बदललं असतं."

त्या दाराशी उभ्या होत्या. मला आत या म्हणाल्या नाहीत. "तुम्ही आता येऊ नका, सर," त्या म्हणाल्या. आवाजात राग नव्हता, राग असता तर मला बरं वाटलं असतं. "तुम्ही आलात की मला तो खिसा दिसतो. मी दुहेरी टीप मारली होती त्याला. सुटू नये म्हणून."

ज्यापासून त्यांना वाचवतो असं मी इतकी वर्षं स्वतःला सांगत होतो, तेही शेवटी मीच त्यांच्या पदरात टाकलं. महिनाभराने कळलं की त्यांनी मशीन एका ओळखीच्या बाईला देऊन टाकली आणि शिवण सोडलं.

मी त्यानंतर गेलो नाही. माझ्या जबाबाला आता कुठेच किंमत नाही आणि ती नसणं बरोबरच आहे. तरी हे एकदा मराठीत, तिच्या शाळेतली माणसं वाचतील अशा ठिकाणी छापून यावं म्हणून लिहिलं. रूथ साळवेने वेळेत ओढलं होतं. जेवढं ओढता येत होतं तेवढं सगळं तिने ओढलं होतं.